धंद्यात कप पण लागतो आणि तलवार पण



दुसरं दुकान जिंतूरला टाकू की सेलूला? भागीदार घेऊ का? उधारी बंद करू का? असे प्रश्न हल्ली काही जण टॅरो कार्ड वाचणाऱ्यांना फोनवर विचारतात. पैसे देतात, उत्तर घेतात आणि मोकळे होतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. पत्त्यांना निर्णय विचारू नका. पण त्या पत्त्यांमागे एक विचार आहे, तो मात्र जरूर उचला. त्याला एक रुपया लागत नाही.

आधी थोडी माहिती. टॅरोचे पत्ते ७८. त्यातले ५६ पत्ते चार रंगांत वाटलेले असतात, प्रत्येक रंगाचे १४. रंग म्हणजे आपण बदाम, इस्पिक म्हणतो तसे. टॅरोत ते आहेत कप, तलवार, काठी आणि नाणं. वाचणारे कप म्हणजे भावना धरतात, तलवार म्हणजे बुद्धी, काठी म्हणजे उत्साह आणि नाणं म्हणजे पैसा-अडका. आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये कपाच्या जागी बदाम येतो आणि तलवारीच्या जागी इस्पिक.

हे पत्ते मुळात खेळायचे होते. १५ व्या शतकात इटलीत टॅरो हा चक्क पत्त्यांचा डाव होता. त्यावरून भविष्य सांगणं १८ व्या शतकात फ्रान्समध्ये जोरात सुरू झालं. आपल्या महाराष्ट्रात सावंतवाडीला आजही हाताने रंगवलेला गंजिफा बनतो. त्यातल्या दशावतारी गंजिफ्यात १० रंग आणि १२० पत्ते. मोगल गंजिफ्यात तर शमशेर म्हणजे तलवार हा एक रंग होता आणि किमाश म्हणजे माल हा दुसरा. म्हणजे पत्त्यांवर माणसाचा सगळा संसार मांडायची पद्धत जुनी आहे. त्यात दैवी काही नाही.

मग टॅरोवाल्याचं सांगणं इतकं बरोबर कसं वाटतं? १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. सगळ्यांना एकच मजकूर! तरी विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. "तुमच्या मनात खूप आहे पण बोलत नाही" असं म्हटलं की ते कुणालाही लागू होतं. माझ्या मते फोनवर पत्ते वाचून घेण्यातली गंमत एवढीच आहे.

आता कामाचं बोलू. आज जगभर जे टॅरो पत्ते जास्त दिसतात ते लंडनमध्ये १९०९ साली निघाले. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. त्यातले दोनच पत्ते बघा.

पहिला, कपाची पंजी. काळा झगा घातलेला माणूस खाली मान घालून उभा आहे. समोर तीन कप सांडलेत. पाठीमागे दोन कप भरलेले तसेच उभे आहेत, पण हा वळून बघत नाही. आपलं असंच होतं की नाही? तीन जणांनी उधारी बुडवली की त्यांचीच नावं डोक्यात फिरतात. वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक दारात आलं तरी आपलं तोंड पडलेलंच. कानमन आणि ट्वर्स्की या दोघांनी १९७९ साली हेच मांडलं: जेवढा फायदा सुख देतो, त्यापेक्षा तेवढंच नुकसान जास्त टोचतं.

दुसरा, तलवारीची नव्वी. एक व्यक्ती रात्री अंथरुणात उठून बसलीय, चेहरा हातात झाकलाय आणि मागे नऊ तलवारी आडव्या. लक्षात घ्या, हा बुद्धीचा रंग आहे! रात्री दोनला "कंपनीचं पेमेंट, बँकेचा हप्ता, गोदामातला माल" असं जे डोक्यात चालतं त्याला आपण विचार म्हणतो. ती काळजी असते. त्याच त्या आकड्यांभोवती दहा वेळा फिरून अकराव्यांदा नवीन काही सापडत नाही.

म्हणून "धंद्यात भावना नको, फक्त डोकं वापरा" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. भावना चुकते, तसं डोकंही चुकतं. दोघांना समोरासमोर बसवायचं असतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जून महिना, पेरणी तोंडावर. जुनं गिऱ्हाईक कृषी सेवा केंद्रात येऊन ४०,००० रुपयांचं बी-खत उधार मागतं. मागची थोडी बाकी आहेच. आता वहीचं एक पान घ्या, मधे रेघ मारा.

डावीकडे कप. वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक आहे. नाही म्हणायला जीव होत नाही. मागच्या बाकीचा रागही आहे. लाजू नका, सगळं लिहा. "जीव होत नाही" याचा अर्थ या नात्यात वीस-तीस वर्षांची कमाई आहे, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

उजवीकडे तलवार. मागच्या तीन हंगामांत त्याने पैसे कधी दिले? आज माझी एकूण उधारी किती? पैसा नोव्हेंबरला आला तर पाच महिने अडकला. मी स्वतः महिना दोन टक्क्यांनी उचलला असेल तर ४,००० रुपये नुसतं व्याज. त्या मालात मला सुटतात किती?

दोन्ही बाजू भरल्या की बहुतेक वेळा तिसरी वाट दिसते. निम्मे रोख, निम्मे ठरलेल्या तारखेला, उधारीला मर्यादा, आणि हे सगळं वहीत लिहून सही. त्याची पेरणी अडत नाही, तुमचं दुकानही बुडत नाही. आणि एखादी बाजू कोरी राहिली, तर निर्णय त्या दिवशी घेऊच नका.

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं आपल्याला लोक चिडवत आले. धंदा मात्र "बनी तो बनी" म्हणून करायचा नसतो. पत्ता काढून ठरवणं म्हणजे तेच, फक्त जरा महागात.

या आठवड्यात अडलेला एकच निर्णय घ्या आणि पानावर रेघ मारा. तुमची कोणती बाजू कोरी राहिली ते कमेंटमध्ये सांगा. रक्कम नको, गिऱ्हाईकाचं नाव तर अजिबात नको. भेटूया पुढच्या व्हिडिओत.