खिडकी की दरवाजा?

सुट्टी मंजूर झाली की आमच्या गिंडीत एकच चर्चा सुरू होते. पुण्याच्या विमानात कुठली सीट घ्यायची? मीनंबाक्कमचा विमानतळ इथून अगदी जवळ, त्यामुळे दिवसभर विमानं डोक्यावरून जातात आणि प्रत्येक जण या विषयातला तज्ज्ञ होऊन बसतो.

खिडकीवाल्यांना माझा सल्ला सोपा आहे. चेन्नईहून पुणे वायव्येला. सकाळच्या विमानात ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावीकडची 'ए' घ्या. संध्याकाळी उजवीकडची 'एफ'. पोटात ढवळतं त्यांनी पंखाजवळ बसावं, तिथे हेलकावे कमी लागतात. शेवटची रांग टाळा. तिथली पाठ बहुधा मागे जात नाही आणि शौचालयासाठी थांबलेली माणसं डोक्याशी उभी.

पण धडधाकट फौजीची जागा, माझ्या मते, पंखावरच्या आपत्कालीन दरवाजाशीच आहे. लोक ती सीट पाय पसरायला घेतात, जादा पैसे मोजतात, आणि हवाई सुंदरी सूचना देते तेव्हा कानात इयरफोन घालून बसतात. एअरबस ए-320 मध्ये पंखांवर दोन्ही बाजूंना मिळून अशी 4 दारं असतात. कर्मचारी मात्र बसतात पुढे आणि मागे. म्हणजे मधलं दार उघडायचं ते तिथल्या प्रवाशानेच. दार सुमारे 15 किलोचं. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये असंच एक ए-320 हडसन नदीत उतरवावं लागलं. पंखांवरची दारं प्रवाशांनीच उघडली. आतले 155 जण वाचले.

कुणी म्हणेल, सुट्टीवर निघालेल्या माणसाने तिथेही ड्यूटी का करावी? खरं आहे, सक्ती कुणाचीच नाही. पण हुकूम ऐकणं, गोंधळात डोकं शांत ठेवणं आणि सामान सोडून आधी माणसं बाहेर काढणं हे आपल्याला सरकारी खर्चाने शिकवलंय. ते सुट्टीवर जाताना कोतात ठेवून येता येत नाही.

गुडघे कुरकुरणाऱ्या माजी सैनिकांनी मात्र हट्ट करू नये. तिथे मान नाही, काम आहे. त्यांनी आइलची सीट घ्यावी आणि बसल्याबरोबर जवळच्या दरवाजापर्यंतच्या रांगा मोजाव्यात. पुढच्या आणि मागच्याही. धुरात डोळे चालत नाहीत, मोजलेला आकडा चालतो.