‘नाही’ म्हणा, पण लेखी म्हणा

मागच्या आठवड्यात आर्वीकडच्या एका गावात मित्राच्या घरी बसलो होतो. कापसाची वेचणी सुरू, अंगणात गाठोडी पडलेली. त्याची सात वर्षांची मुलगी त्या गाठोड्यांवर उड्या मारत होती. आजीशी मराठीत बोलायची, आईशी चिनीत आणि बापाशी दोन्हीची खिचडी. आजी म्हणाली, “भाऊ, सात वर्षं झाले हे पोट्टी जन्मून, अन् म्या तिले आता पाह्यलं. याइच्या कागदायनं माया नातीचं लहानपन खाल्लं.”

त्या एका वाक्यामुळं ही पोस्ट लिहितोय. थोडी लांब आहे, पण वाचा. नावं आणि गाव देत नाही. कुठल्या ऑफिसात काय झालं तेही सांगत नाही, कारण माझं भांडण एका टेबलामागच्या एका माणसाशी नाही.

मित्र शेतकऱ्याचा मुलगा. शिकला, कंपनीनं चीनला पाठवलं, ग्वांगझूत स्थिरावला. तिथल्याच मुलीशी लग्न केलं. 2018 मध्ये मुलगी झाली. इथपर्यंत सगळं चारचौघांसारखं. पुढची गोष्ट कागदांची.

मुलगी चीनमध्ये जन्मली आणि आई चिनी, म्हणून चीनच्या कायद्यानं ती जन्मतःच चिनी नागरिक. बाप भारतीय, म्हणून आपल्या कायद्यानं वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद केली तर ती भारतीय. पण तसं करताना तिच्याकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. यांनी भारताची नोंद केली, भारताचा पासपोर्ट काढला. आता चीनमधून बाहेर पडताना तिथले अधिकारी म्हणतात, ही तर आमची नागरिक, हिच्या परदेशी पासपोर्टवर आम्ही व्हिसा कसा लावू? मग तिला तिथल्या पोलिसांकडून थोड्या मुदतीचा वेगळा प्रवास परवाना काढावा लागतो. तो परवाना दाखवून चीनमधून निघायचं आणि पासपोर्ट दाखवून भारतात शिरायचं.

म्हणजे एका घरात माणसं तीन आणि कागद तीन तऱ्हांचे. बापाकडं भारतीय पासपोर्ट आणि चीनचा राहण्याचा परवाना. आईकडं चिनी पासपोर्ट आणि भारतीयाची बायको म्हणून मिळणारा आपला एंट्री व्हिसा. पोरीकडं भारतीय पासपोर्ट आणि चीनचा निघण्याचा परवाना. तिन्ही कागदांच्या मुदती वेगळ्या. एकाची तारीख हुकली की तिघंही घरी.

आणि मग 2020 आलं. आधी कोरोना, मग जूनमध्ये गलवान. आपले वीस जवान गेले. दोन देशांमधली थेट विमानं बंद झाली ती पाच वर्षांहून जास्त काळ बंदच राहिली. नोव्हेंबर 2020 पासून तर चीननं भारतातून येणाऱ्या परदेशी नागरिकांना, हातात राहण्याचा वैध परवाना असला तरी, दार बंद केलं. मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, मित्राचे वडील गेले. तो एकटा आला असता तर परत बायको-पोरीकडं कधी जाता येईल हे सांगणारं कोणीच नव्हतं. ना तारीख, ना आश्वासन. तो नाही आला. दहाव्याला आम्ही मोबाईल उभा धरून ठेवला होता, तिकडून तो बघत होता. नेटवर्क गेलं की आम्ही अंगणातून रस्त्यावर यायचो.

हे कोरोनाचं, त्यात कोणाचा दोष काढत नाही. जग बंद होतं. पण 2023 मध्ये दारं उघडली, तेव्हा तो एकटाच येऊन गेला. बायकोच्या व्हिसाचा अर्ज महिनोन्‌महिने ‘प्रक्रियेत आहे’ एवढ्या उत्तरावर लटकलेला. नाकारला असं कोणी म्हणेना, मंजूर असंही कोणी म्हणेना. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. मला खरी चीड आहे ती या गप्प बसण्याची. नकार आला असता तर माणूस दुसरा रस्ता शोधतो. आजीला तिकडं न्यायचं बघतो, निदान मनाची तयारी करतो. उत्तरच न मिळालेला माणूस दर सोमवारी संगणकासमोर बसतो आणि दर शुक्रवारी उठतो.

तुम्ही म्हणाल, एका घराचं काय घेऊन बसलास? बरं, दुसरं घर सांगतो. तेही फार लांब नाही.

आपल्या तुमसरहून रेल्वेचा एक फाटा तिरोडीला जातो, मॅंगनीजच्या खाणीचं गाव. आज ते मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे. 1956 पर्यंत मात्र वर्धा आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. त्या तिरोडीत वांग छी नावाचा चिनी माणूस राहायचा. चिनी सैन्यातला. जानेवारी 1963 मध्ये वाट चुकून हद्दीच्या अलीकडं आला आणि पकडला गेला. सहा-सात वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. 1969 मध्ये कोर्टाच्या आदेशानं सुटला, तर त्याला तिरोडीत आणून ठेवलं. पिठाच्या गिरणीत काम केलं. लोकांनी नाव दिलं राज बहादूर. गावातल्या मुलीशी लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली.

पण त्याच्याकडं नागरिकत्वाचा कागद कुठलाच नव्हता. इकडं तो भारतीय नव्हता, आणि तिकडं जायला चीनचा पासपोर्ट नव्हता. तो मिळाला 2013 मध्ये. आई तोवर गेली होती, 2006 मध्येच, त्याची वाट बघत. पासपोर्ट हातात आल्यावरही चार वर्षं गेली. फेब्रुवारी 2017 मध्ये, बातम्या झळकल्यावर आणि दोन्ही सरकारांनी मनावर घेतल्यावर, तो मुलगा, सून आणि नातीसोबत चीनमधल्या आपल्या गावी पोचला. चोपन्न वर्षांनी. म्हातारे भाऊ गळ्यात पडून रडले. ते चित्र आपण टीव्हीवर पाहिलं आणि आपलेही डोळे ओले झाले.

पण मला त्या चित्रापेक्षा आधीची वर्षं जास्त दिसतात. चोपन्न वर्षांत एका माणसाला ‘तू जाऊ शकतोस’ किंवा ‘तू जाऊ शकत नाहीस, कारण हे’ एवढं सांगायला कोणाला जमलं नाही? बातमी झाली नसती तर? सगळ्यांच्या नशिबी टीव्हीचा कॅमेरा नसतो.

आपल्या जिल्ह्याला तर या गोष्टीची जुनी ओळख आहे. फेब्रुवारी 1942 मध्ये चीनचे नेते च्यांग काय-शेक भारतात आले होते. त्यांना वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटायचं होतं. इंग्रज सरकारनं मोडता घातला, खुद्द चर्चिल आडवे आले. शेवटी गांधीजीच सेवाग्रामहून निघाले आणि 18 फेब्रुवारीला कलकत्त्यात भेट झाली. म्हणजे चीनच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या माणसालाही वर्ध्याची परवानगी मिळाली नाही! पण एक बघा, त्यांना निदान ‘नाही’ हे उत्तर तरी मिळालं. म्हणूनच दुसरी जागा ठरली आणि भेट झाली.

चीनशी आपलं नातं फक्त युद्धाचं नाही, हेही विदर्भाला कोणी शिकवायला नको. 1938 मध्ये काँग्रेसनं जे पाच डॉक्टर चीनला पाठवले, त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते तसे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी तिथल्या क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी 1941 मध्ये लग्न केलं. वर्षभरानं, 9 डिसेंबर 1942 ला, ते गेले. मागं काही महिन्यांचं बाळ. त्या लग्नाचं आपण आजही कौतुक करतो, चिनी पाहुणे आले की हार घालतो, भाषणं करतो. कोटणीसांची गोष्ट आपल्याला आवडते. मग तशाच लग्नाची आजची गोष्ट खिडकीसमोर उभी राहिली की आपण ‘उद्या या’ का म्हणतो?

आता सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहे, म्हणून आधीच बोलतो. “देशाची सुरक्षा आहे, चीन शत्रू आहे, तपासणी नको का?”

हवी. पूर्ण हवी. गलवानमध्ये गेलेल्या जवानांची घरंही आपलीच आहेत. चिनी पासपोर्टवाल्या माणसाची कसून चौकशी करा, दोनदा करा, गावात येऊन करा. मित्राच्या बायकोचंही काही म्हणणं नाही. ती म्हणाली, “आमच्याकडंही परदेशी माणूस घरी राहिला तर चोवीस तासांत पोलिसांकडं नोंद करावी लागते.” आपल्याकडंही तेच आहे. परदेशी पाहुणा घरी उतरला की घरमालकानं चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं, जुने लोक ज्याला सी फॉर्म म्हणतात तो. नियम दोन्हीकडं सारखा. फरक एवढाच की हा नियम आहे हे आर्वी तालुक्यातल्या म्हातारीला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला माहीत होतं म्हणून वेळेत भरला गेला. नसता भरला तर? सून गुन्हेगार की सासू?

तपासणी आणि टोलवाटोलवी या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीला शेवट असतो. आणि उत्तर न दिल्यानं देश सुरक्षित होत नाही. ज्याच्या मनात खरंच काळं आहे तो दुसरी वाट शोधतो, ताटकळतो तो सरळ माणूस.

मग मागणी काय? फार मोठी नाही.

एक. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत, एका पानाची यादी लावा. परदेशी जोडीदार असेल तर कुठला कागद, मूल असेल तर कुठला, कोणाकडं द्यायचा, किती दिवसांत.

दोन. अर्ज घेतला की तारखेची पोच द्या आणि निर्णयाची मुदत ठरवा. रहिवासी दाखल्याला, जातीच्या दाखल्याला राज्यात 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत आहे. उशीर झाला तर अपील आहे. व्हिसा आणि नागरिकत्व केंद्राचा विषय, म्हणून तो कायदा इथं लागत नाही. मग केंद्रानं आपली मुदत घालावी.

तीन. नाही म्हणायचं तर लेखी म्हणा. सुरक्षेचं कारण असेल तर तपशील नका देऊ, ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढं लिहा. तेही उत्तरच आहे.

चार. आई-बापाचं शेवटचं आजारपण किंवा मृत्यू असेल तर ठरलेल्या थोड्या दिवसांत निर्णय. हो किंवा नाही.

परदेशी नागरिकांचा नवा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालाय. जुने ब्रिटिशकाळातले कायदे गेले. जुलैपासून चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागला, ऑक्टोबरअखेर कोलकाता–ग्वांगझू विमानही सुरू झालं. म्हणजे दोन्ही सरकारांना दार उघडायचं आहे. हीच वेळ आहे विचारायची. आपल्या खासदारांनी संसदेत एक प्रश्न टाकावा, एवढंच: अशा कुटुंबांचे किती अर्ज किती दिवसांपासून उत्तराविना आहेत?

आणि हे फक्त चिनी सुनेपुरतं समजू नका. चीनमध्ये एमबीबीएस शिकणारी आपली हजारो पोरं 2020 नंतर घरी अडकली होती. त्यात विदर्भातलीही होती. त्यांनाही दोन वर्षं कोणी तारीख सांगितली नव्हती. उद्या तुमचा पोरगा जर्मनीत लग्न करेल, तुमची पोरगी व्हिएतनाममध्ये. जग आता गावात आलंय, कागद मात्र अजून गावाबाहेर थांबलाय.

मित्र त्याच नव्या विमानानं आला. कोलकात्याला उतरल्यावर बाप-लेक भारतीयांच्या रांगेत आणि आई परदेशी लोकांच्या रांगेत. पोरगी विचारत होती, आई तिकडं का? पलीकडं गेल्यावर पुन्हा तिघं एक झाले, गीतांजलीनं वर्ध्याला उतरले. पुढच्या महिन्यात परत जातील, पोरीच्या परवान्याची मुदत संपायच्या आत.

निघताना आजीनं मला विचारलं, “आता पुढच्या वर्षी येईन का थे पोट्टी?”

मी काय उत्तर देणार? तुमच्यापैकी कोणाकडं असेल तर द्या. लेखी द्या.