दवंडी आहे, चावडी नव्हे

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला ‘डिजिटल चावडी’ म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. मोबाइल ही फार तर दवंडी आहे. दवंडी ऐकवून पुढे जाते. चावडीवर समोर बसून उत्तर द्यावं लागतं.

आमचं उंब्रज कृष्णा-तारळीच्या संगमावर, पुणे-बंगळूर महामार्गालगत. पूर, अपघात, चोरी, काहीही झालं तरी निरोप वेळेत पोचावा लागतो. म्हणून माझा राग यंत्रावर नाही. सातारा-सांगलीतल्या अनेक गावांनी घेतलेली ग्रामसुरक्षा यंत्रणाच पाहा. ठरलेल्या क्रमांकावर फोन करून संकट सांगायचं; तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या फोनांवर एकदम वाजतो. साधा फोन चालतो, वाचता यावं लागत नाही. मुख्य म्हणजे बोलणारा कोण, ते कळतं. जुन्या दवंडीमागे कोतवाल असायचा, तसं.

फॉरवर्डमागे कोण असतं? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. सप्टेंबर २०२३मध्ये आमच्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, आक्षेपार्ह पोस्टवरून दंगल झाली आणि एकाचा जीव गेला. तिथंही माणसं झटकन ‘एकत्र’ आलीच होती. झटपट जमणं म्हणजेच जागृती, असं मानणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत. त्यांच्याआधी महिलांची सभा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी संख्या पुरते. तेवढेही जमत नाहीत म्हणून गावोगाव सभा तहकूब होतात. ग्रुपवर मात्र त्याच रस्त्यावरून रात्री बारापर्यंत भांडण. पूर्वी निरक्षर माणूस कागदावर अंगठा उठवायचा, तेव्हा तो त्या कागदाला बांधला जायचा. आपण दिवसाला पन्नास अंगठे उठवतो आणि कशालाच बांधले जात नाही.

माझी मागणी साधी आहे. सभेचे विषय आठ दिवस आधी ग्रुपवर यावेत. स्मार्टफोन नसलेल्यांना फोन जावा. निर्णय सभेतच व्हावा. नंतर ठराव, कामाची रक्कम आणि ठेकेदाराचं नाव त्याच ग्रुपवर टाकावं. यासाठी नवं ॲप लागत नाही. पण हिशेब उघडा ठेवायचा म्हटलं, की ‘गुड मॉर्निंग’ टाकणारे कारभारी गप्प होतात.