सोंगाला सोंगानेच उत्तर

महोदय,

अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरील भिंतीसंबंधी आपण छापलेल्या लेखात तिची टर उडवणाऱ्या कलावंतांना ‘हौशी टवाळखोर’ म्हटले आहे. थट्टेने भिंत पडत नाही, हा लेखकाचा मुख्य मुद्दा. कबूल. पण ती थट्टेने पडेल असे यांतल्या कोणत्या कलावंताला वाटत होते, ते लेखात कुठेच आलेले नाही.

ही भिंत बांधकाम किती आणि देखावा किती, ते आधी पाहू. २०१७च्या ऑक्टोबरात सान दिएगोजवळ ओटाय मेसा इथे आठ नमुना-भिंती उभारल्या गेल्या. तीस फुटांपर्यंत उंच, प्रत्येकी काही लाख डॉलर खर्चाच्या, ओळीने उभ्या, पण एकमेकींना न जोडलेल्या. त्या कुणालाच अडवत नव्हत्या. ते काम शेजारचे जुने कुंपण करत होते. १३ मार्च २०१८ रोजी ट्रम्प यांनी कॅमेऱ्यांसमोर त्यांची पाहणी केली आणि पुढच्या फेब्रुवारीत आठही पाडून टाकल्या. पैसे मेक्सिको देणार, असे २०१५पासून सभांमधून सांगितले जात होते. ते गेले अमेरिकी करदात्यांचे, त्यातही मोठा वाटा लष्कराच्या निधीतून वळवलेला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सुमारे साडेचारशे मैल भिंत झाली खरी, पण बहुतेक जुन्याच कुंपणाच्या जागी. सरकारनेच सोंग आणले असताना विरोध करणाऱ्याने मात्र गंभीर चेहऱ्याने निवेदनच द्यावे, हा आग्रह कशासाठी?

शिवाय ही थट्टा ट्रम्प यांच्यापासून सुरू झालेली नाही. तिहुआनाचे कलावंत मार्कोस रामिरेस यांनी १९९७मध्येच तिथल्या सीमानाक्यावर दोन तोंडांचा प्रचंड लाकडी घोडा उभा केला. एक तोंड अमेरिकेकडे, दुसरे मेक्सिकोकडे. ट्रॉयच्या घोड्याची गोष्ट माहीत असणाऱ्याला आणखी काही सांगावे लागत नाही. २००५मध्ये हाविएर तेयेस यांनी मेक्सिकोतील मनोरुग्णांना सोबत घेऊन सर्कशीसारखा कार्यक्रम केला आणि त्यात एका माणसाला तोफेतून सरहद्दीपार उडवले. उडण्यापूर्वी त्याने पासपोर्ट काढून दाखवला. तो अमेरिकी नागरिकच होता. त्यामुळे कायदा शाबूत राहिला, हसे मात्र त्याचेच झाले!

माझ्या मते यात सर्वांत नेमके काम रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेल्यो या वास्तुरचनाकारांचे. जुलै २०१९मध्ये त्यांनी न्यू मेक्सिकोतील सनलंड पार्क आणि पलीकडचे सिउदाद हुआरेस यांमधल्या पोलादी गजांतून तीन गुलाबी सी-सॉ आरपार बसवले. दोन्हीकडची मुले आणि मोठी माणसेही त्यांवर बसली. सी-सॉची गंमत अशी की पलीकडचा बसला नाही तर अलीकडच्याला वर जाता येत नाही, आणि तो मध्येच उठून गेला तर अलीकडचा धाडकन आपटतो. दोन देशांतला व्यापार आणि मजुरी यांबद्दल याहून सोपे व्याख्यान मी ऐकलेले नाही. तो गुलाबी रंगही हौसेचा नाही. हुआरेसमध्ये मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या स्मृतिचिन्हांवरून तो घेतलेला आहे. लंडनच्या डिझाइन म्युझियमने पुढे या कामाला २०२०चा सर्वोच्च पुरस्कार दिला.

लेखकाच्या बाजूने एक उदाहरण मीच देते. क्रिस्टोफ ब्यूशेल या कलावंताने त्या आठ नमुना-भिंतींना १९०६च्या पुरातन वास्तू कायद्याखाली राष्ट्रीय स्मारक घोषित करावे, अशी याचिका काढली. कल्पना तल्लख होती. तरीही शेकडो कलावंतांनी जाहीर पत्र काढून तिचा निषेध केला आणि मला तो पटतो. सी-सॉवर सरहद्दीची माणसे स्वतः बसली होती. ब्यूशेल यांच्या योजनेत पाहुण्यांना सहलीने नेऊन ‘शिल्पे’ दाखवायची होती. ज्यांची घरे त्या धोरणाने फुटली, त्यांना तिथे जागाच नव्हती. विनोद कोणाच्या जिवावर चालला आहे, एवढे तरी पाहायला हवे. आपल्या लेखकाने हा भेद न करता सगळ्यांनाच एका माळेत ओवले आहे.

जाता जाता एक तक्रार. लेखासोबत सी-सॉचे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘सीमेवर खेळणारी मुले’ एवढीच ओळ. ना कलावंतांची नावे, ना ठिकाण, ना साल. पुढच्या अंकात ती छापावीत.

आपली,
एक नियमित वाचक, ठाणे