दृष्टिपटलावरील रंग किती सुरक्षित?

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पडलेले छिद्र, म्हणजेच 'मॅक्युलर होल', बुजविताना शल्यविशारदाला दृष्टिपटलावरील सर्वांत आतला पापुद्रा सोलून काढावा लागतो. हा पापुद्रा मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा आणि पूर्णतः पारदर्शक असतो. तो दिसावा म्हणून त्यावर रंग सोडण्याची पद्धत रूढ झाली. शस्त्रक्रिया सुकर झाली. पण एकदा नष्ट झाल्यावर पुन्हा निर्माण न होणाऱ्या पेशींच्या सान्निध्यात रसायन सोडणे कितपत सुरक्षित, हा प्रश्नही उभा राहिला.

या वापराची सुरुवात 2000 च्या सुमारास 'इंडोसायनिन ग्रीन'ने झाली. हा रंग शिरेतून टोचून करावयाच्या तपासण्यांसाठी अमेरिकेत 1959 पासून मान्यताप्राप्त होता. साहजिकच तो निर्धोक समजला गेला. मात्र रक्तात मिसळून यकृतावाटे बाहेर पडणारा रंग आणि डोळ्याच्या बंदिस्त पोकळीत थेट पेशींना भिडणारा रंग, यांत मोठा फरक आहे. छिद्रातून खाली उतरलेला रंग प्रकाशग्राही पेशींचे पोषण करणाऱ्या रंजक थरापर्यंत पोहोचतो. या थराची हानी आणि काही रुग्णांच्या दृष्टिक्षेत्रातील दोष यांच्या नोंदी लवकरच प्रसिद्ध होऊ लागल्या. सौम्य द्रावण वापरणाऱ्या अन्य शल्यविशारदांना मात्र असे दुष्परिणाम आढळले नाहीत.

या विसंगतीतच प्रश्नाचे मर्म आहे. रंगाची तीव्रता, तो डोळ्यात राहण्याचा कालावधी, शस्त्रक्रियेतील प्रकाशझोत आणि ज्या द्रवात रंग विरघळविला त्याचे गुणधर्म, या साऱ्यांवर परिणाम अवलंबून असतो. निव्वळ शुद्ध पाण्यात विरघळविलेला रंग पेशींतील क्षारांचा समतोल बिघडवतो. तेथे दोष रंगाचा की पाण्याचा, हे ठरविणेही कठीण होते.

पर्याय पुढे आले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरला जाणारा 'ट्रिपॅन ब्लू' दृष्टिपटलावर वाढणाऱ्या अनिष्ट पडद्यासाठी अमेरिकेत 2009 मध्ये संमत झाला. आतला पापुद्रा निवडून रंगविणारा 'ब्रिलियंट ब्लू' 2006 पासून शस्त्रक्रियेच्या अभ्यासांत दिसू लागला. अमेरिकेची मान्यता त्याला डिसेंबर 2019 मध्ये मिळाली. तुलनेने तो अधिक सुरक्षित मानला जातो. तरीही तो चुकून दृष्टिपटलाखाली गेल्यास तेथील पेशींना इजा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत.

वापर आधी आणि परवानगी नंतर, असा हा क्रम आहे. दरम्यानच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या डोळ्यांवरच या रंगांची खरी परीक्षा झाली, हे नाकारता येत नाही. रंगाविना पापुद्रा सोलताना चिमट्याची इजा होण्याचा धोकाही खराच. त्यामुळे रंगांवर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. कमीत कमी तीव्रता, अल्प काळ, मर्यादित प्रकाश आणि रंग लगेच धुऊन काढणे, एवढी शिस्त मात्र अपरिहार्य ठरते. वापरावयाचा रंग या कामासाठी मान्यताप्राप्त आहे की नाही, हेही रुग्णाला संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कळलेच पाहिजे.