बूट हा शिधा आहे, दागिना नव्हे

मंडळी, आज जरा भांडायचंय. कुणाशी? "अजून चांगले आहेत की!" असं म्हणून कुठलीही वस्तू न टाकणाऱ्या तमाम काटकसरी लोकांशी. म्हणजे आपल्याच घराण्याशी म्हणा ना!

निवृत्त झालं की आमच्या पिढीला नर्मदा परिक्रमेचे वेध लागतात. छानच आहे. तयारीही जोरात... औषधांचे डबे, याद्यांच्या वह्या. आणि पायात? मुलाने कधीतरी परदेशातून आणलेले, "खास प्रवासासाठी" खोक्यात जपलेले बूट. परत येईपर्यंत हाच जोड पुरवायचा, हा निर्धार!

मी शाळेत मराठी शिकवलं, गणित नव्हे. तरी एवढा हिशेब मलाही जमतो. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून २६२४, वळसे वेगळेच. चालण्याच्या बुटातला मऊ थर साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये दबून जातो. ८०० धरले तरी चार जोड झाले. वरून बूट नवाकोरा दिसतो, पण आतला थर मेलेला असतो. मग प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्याला. बुटाचे पैसे वाचले, गुडघा गेला. ही कसली काटकसर?

जपून ठेवण्याचा तर उलटाच परिणाम. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असतं. ते न वापरताही हवेतल्या ओलाव्याने विरत जातं. आणि ओलावा म्हणजे काय, ते आम्हा मुळशीकरांना विचारा! ताम्हिणीकडचा पाऊस सुरू झाला की कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते. असे जपलेले बूट एक दिवस भर रस्त्यात तळ सोडतात.

"वारकरी नाही का साध्या चपलेवर पंढरपूर गाठत? कित्येक तर अनवाणी!" हे उत्तर मला हमखास ऐकवलं जातं. अहो, आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत चपला शिवून देणारे सेवेकरी बसलेले असतात. आणि अनवाणी चालणाऱ्या अनेकांचे तळवे लहानपणापासून शेतात घडलेले. आपले घडलेत फरशीवर, मऊ सपातांत. त्यात मधुमेह असेल तर पाय बधिर, जखम झालेली कळतही नाही. तिथे श्रद्धेची परीक्षा कशाला घ्यायची?

तेव्हा बूट शिध्यासारखा धरा. संपणार, पुन्हा भरावा लागणार. वाटेतल्या बाजारात मिळेल असाच घ्या. बडवानी, भरूच, जबलपूर, नर्मदापुरम, ही मोठी गावं वाटेवर आहेत. संध्याकाळी घ्या, चालून पाय सुजलेले असतात तेव्हा. जे मोजे घालणार तेच घालून बघा, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा. नंबर तरुणपणीचा सांगू नका, वयाने पाऊल पसरतं. जुना जोड संपायच्या आठवडाभर आधीच नवा घ्या आणि रोज तास-दोन तास सरावाचा करा. रोज किती चाललात ते वहीत लिहा. बूट टाकायचा तो वहीतला आकडा बघून, फाटण्याची वाट बघून नव्हे.

आणि घरच्यांनो, निघताना हार-नारळ देता ना? त्याऐवजी पाकिटात पुढच्या जोडाचे पैसे घाला. आईवडील स्वतःहून मागणार नाहीत. तीच तर आमची खोड आहे.