आईची रोजी आणि मुलाची लस

नांदगाव पेठेच्या आपल्या वस्तीतील एक तरुण बाई काही महिन्यांपूर्वी अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात मला भेटावयास आली. हातात मुलाच्या लसीकरणाचे, घड्यांवर फाटू लागलेले कार्ड होते. दीड महिन्याची लस गावी मिळाली. नंतर ती नवऱ्याबरोबर मुंबईस बांधकामावर गेली. तेथे अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसी राहिल्या, आणि नवव्या महिन्याची गोवराची लसही राहिली. दवाखाना लांब, लसीचा वार ठरलेला. त्या वारी गेले तर रोजी बुडे, आणि दोनदा खाडा झाला की मुकादम कामावर घेत नसे. एकदा हिय्या करून गेली, तर पत्ता येथला नाही म्हणून परत पाठविली. आता मातृवंदना योजनेच्या पैशांचा दुसरा हप्ता अडला आहे. कारण काय, तर लसी पूर्ण नाहीत! तिने मला विचारले, "वकीलसाहेब, लस फुकट हाये म्हनतेत, मंग माही बुडालेली रोजी कोन देते?"

वाचक बंधुभगिनींनो, वकिलीच्या इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल.

गोवराची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत द्यावयाची असते. असे असताना २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवराने लहान मुलांचे बळी घेतले. आरंभ झाला तो गोवंडीच्या बाजूस. ऑक्टोबरअखेर तेथील रफीनगरात काही तासांच्या अंतराने लेकरे दगावली, तेव्हा कोठे केंद्राचे पथक आले आणि घरोघर शोध सुरू झाला. २०२० च्या टाळेबंदीत नेहमीचे लसीकरण खंडित झाले होते, हे एक कारण. दाट वस्ती आणि अर्धपोटी बालपण ही दुसरी कारणे. कुपोषित मुलास गोवर झाला की न्यूमोनिया त्याचा घास घेतो. श्रीमंताच्या मुलासही गोवर होतो, परंतु त्याची लस सहसा चुकत नाही, आणि चुकली तरी त्याच्या अंगात झुंजण्याची ताकद असते.

ह्यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की, हे लोक अज्ञानी, अफवांवर विश्वास ठेवणारे. काही घरांत लसीची भीती असते, हे मी नाकारीत नाही. परंतु २०२१ सालची हकिकत आठवावी. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी कोरोनाची लस खुली झाली ती मोबाइलवर आगाऊ नोंद करणाऱ्यांस. खाजगी इस्पितळांसाठी लसींचा चौथा हिस्सा राखून ठेवला होता. जूनमध्ये कमाल दर ठरला तोही कोविशील्डच्या एका मात्रेस ७८० रुपये. मोठ्या गृहसंकुलांनी आपल्या अंगणात शिबिरे भरविली, आणि चाळी-झोपड्यांतील माणसे पहाटेपासून रांगेत उभी राहिली. त्या रांगा अज्ञानी माणसांच्या होत्या काय? ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या वयोगटाकडून पैसे घेण्याचे धोरण सकृद्दर्शनी मनमानी व असमंजस ठरविले, आणि ज्याच्याजवळ इंटरनेट नाही त्याने काय करावे असे विचारले. २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांस सरकारी केंद्रांवर मोफत लस दिली. अंथरुणास खिळलेल्यांना घरी लस देता येणार नाही, असेही आधी सांगण्यात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जाब विचारल्यावर तीही त्याच वर्षी मुंबईत घरी जाऊन देण्यात आली. सारांश, अशक्य म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा केवळ न केलेले असते.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे वळू. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाह्याच्या विधेयकास पाठिंबा दिला; १९२९ मध्ये तो कायदा झाला. संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूतिसाह्य आले. १९६१ साली देशव्यापी कायदा झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांवर गेली. पण ही रजा कोणास? जिच्या नोकरीची नोंद आहे तिला. विटा वाहणारीस व चार घरची भांडी घासणारीस ती नाही. अशा स्त्रियांसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहून ठेवला. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यास ५,००० रुपये ठरविले, आणि शेवटचा हप्ता मुलाच्या जन्मनोंदीशी व पहिल्या लसींशी बांधला.

अट वाईट नाही. मुलास लस मिळावी हा हेतू चांगलाच आहे. परंतु कोणताही करार दोन्ही बाजूंस बांधतो. आईने लस दिली नाही तर तिचे पैसे थांबतात. सरकारने लस तिच्या वस्तीपर्यंत पोचविली नाही तर सरकारचे काय थांबते? पैशाचा अभाव ही वैद्यकीय मदत नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या खटल्यात सांगितले आहे. मग पत्त्याचा अभाव ही सबब कशी होते?

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मूल सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच साथीने त्यांचा बळी घेतला. ती करुणा आपल्याला वंद्य आहे. पण ज्या देशात संविधान आहे तेथे प्रत्येक मुलाने एखाद्या सावित्रीबाईंची वाट पाहावी, हे शोभत नाही. आपण दया मागत नसून हक्क मागत आहोत.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. मजुरांच्या वस्त्यांत व बांधकामांवर संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी लसीकरण व्हावे. लसीच्या दिवसाची रोजी आईस मिळावी. लस चुकल्याचे कारण सरकारी गैरसोय असेल तर हप्ता अडवू नये.

तोवर आपणही सावध राहावे. कार्ड जिवापाड जपा, त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवा, मुलाची जन्मनोंद करून घ्या. लस राहिली म्हणून घरी बसू नका. गोवराची राहिलेली मात्रा पाच वर्षांपर्यंत देता येते. कोणी परत पाठविले तर कारण लेखी मागा.

त्या बाईचा अर्ज मी लिहून दिला आहे, आणि मुलास गोवराची लसही गावी मिळाली. हप्त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. तिच्या बुडालेल्या रोजीचा रकाना तर कोणत्याच अर्जात नव्हता. तो मी अर्जाच्या तळाशी हाताने लिहिला आहे.